आफ्रिकेतल्या नणंदा

आमच्या वाडीचा ई-मेल माझ्या गळ्यात पडला तो माझ्या इंग्लिशमुळं. इंग्लिश मला येत नव्हतं, पण वाडीत ते कुणाला माहीत नव्हतं. शाळा मी दुसरीतनं सोडली. मास्तरांनी हात जोडले म्हणून सोडली. पुढं मुंबईला एका हाफिसाच्या कँटीनमध्ये कपबश्या धुतल्या. तिथं साहेब लोक दिवसभर इंग्लिश बोलायचे. ऐकून ऐकून मला एवढं कळायला लागलं की साहेब चिडलाय का हसतोय. गावाला परत आलो तेव्हा मी शेळ्यांना 'कम ऑन' बोलायचो. शेळ्या यायच्या. वाडीला वाटलं, ह्याला येतं.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरावर. नाचणी, वरी, म्हशी, शेळ्या आणि उरलेली माणसं. बाकीची माणसं मुंबईला. त्यांचं तिकडं मंडळ हाय. एका मे महिन्यात मंडळाचा सेक्रेटरी गावाला आला आणि देवळात गावकी बसवून बोलला, "आता पोस्टाच्या भरवशावर ऱ्हायचं नाय. गावाचा ई-मेल काढू. आम्ही तिकडं बटन दाबलं की इकडं पत्र."

तात्यानं विचारलं, "इकडं म्हंजे कुठं? देवळात?"

तात्या म्हंजे आमच्या गावकीचा म्होरक्या, माझ्या बापाचा चुलतभाऊ. माणूस कमी बोलायचा, पण बोलला की नियमच निघायचा.

"देवळात नाय तात्या. महाडला. कॉम्प्युटरच्या दुकानात."

"मग महाडातनं आणायचं कुणी?"

सगळी गावकी माझ्याकडं बघायला लागली. आठवड्याला कोंबड्या नि शेळ्या घेऊन मी महाडच्या बाजाराला जायचो, आणि वर इंग्लिशवाला. मी छाती काढून हो बोललो. त्या वेळी गप बसलो असतो तर पुढचं काय झालं नसतं. पण गप बसणं मला अजून जमत नाय.

आमच्यात जुना नियम हाय. गावाच्या नावानं आलेलं पत्र एकट्यानं फोडायचं नाय, फेकायचं तर अजिबात नाय. देवळात गावकीसमोर वाचायचं आणि काय उत्तर द्यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. हा नियम ई-मेलला लावायचा का, हे कुणी विचारलंच नाय. पत्र ते पत्र.

महाडला एस.टी. स्टँडच्या मागं एका शेठचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. पडदे लावलेल्या खोपट्या, आत एकेक कॉम्प्युटर. पहिल्या बाजाराला गेलो, कोंबड्यांची पाटी दाराशी ठेवली आणि बोललो, "शेठ, आमच्या गावाची पत्रं बघा."

शेठ शिकलेला, बोलणं मऊ. त्यानं खटाखट बटनं दाबली आणि बोलला, "काका, मंडळाचं एकच पत्र आहे. बाकी सगळं स्पॅम आहे. काढून टाकतो."

"स्पॅम म्हंजे कोण?"

"कोणी नाही हो. फालतू पत्रं. न मागता येतात. सगळ्यांना येतात."

"काढू नका शेठ. गावाच्या नावानं आलीत. उद्या गावकीनं विचारलं तर मी काय सांगू?"

शेठनं माझ्याकडं बघितलं, कोंबड्यांकडं बघितलं आणि सगळं छापून दिलं. मी फार गळ घातली म्हणून प्रत्येक कागदाच्या पाठी मराठीत दोन ओळी लिहून दिल्या. मला अक्षर लावता यायचं, हळूहळू. वाडीत मात्र मी कागदाची इंग्लिश बाजू वर धरून, बोट फिरवत, जोरात वाचल्यासारखं करायचो. पाठीमागचं मराठी वाटेत पाठ केलेलं असायचं.

अशी आमच्या देवळात जगातली फालतू पत्रं वाचली जायला लागली. एकानं लिहिलं, तुम्हाला परदेशात लॉटरी लागली. तात्या बोलला, तिकीट कुणी काढलं होतं? कुणीच नाय. मग लागली कशी? चुकून आपल्याकडं आलंय, ज्याची त्याला द्या म्हणून कळव. दुसऱ्यानं लिहिलं, आमच्या गोळीनं अवयव वाढतो. तिथं शेठनं मराठी फार लाजत लिहिलेलं होतं. कुठला अवयव ते लिहिलंच नव्हतं. एक म्हातारा बोलला, "माझ्या गुडघ्याला चालंल काय विचार रे." मी पुढच्या बाजाराला विचारायला लावलं. शेठ पडद्याआड जाऊन बराच वेळ हसत होता. मला वाटलं खोकतोय.

इथपर्यंत मजा होती. पुढं ती माझ्या लग्नावर आली.

माझं लग्न ठरणं साधं काम नव्हतं. वय वाढलेलं, घर डोंगरावर, पाणी खालनं आणायचं आणि बोलणं असलं. पोलादपूरपासून दासगावपर्यंत मला मुली दाखवून माझी आय थकली होती. एका घरी तर मुलीच्या आज्जीनं मला चहा दिला, माझं बोलणं ऐकलं आणि कप परत घेतला, अर्धा भरलेला. शेवटी शिवथरच्या खोऱ्यात एक मुलगी हो बोलली. का हो बोलली ते मी विचारलं नाय. असल्या वेळी विचारू नये. तारीख धरली, हळद कुटायला घेतली.

आणि त्याच आठवड्यात विधवा बाईचं पत्र आलं.

मी देवळात उभा ऱ्हायलो, कागद धरला आणि पाठ केलेलं बोललो. "प्रिय भावा. मी आफ्रिकेत असते. माझा नवरा सरकारात मोठा माणूस होता. तो विमान पडून गेला. मी एकटी पडले. त्यानं ठेवलेला पैसा फार हाय, तो तुझ्याकडं पाठवायचा विचार हाय. तूच माझा आधार."

बायामाणसं पदर तोंडाला लावून बसली.

तात्यानं विचारलं, "भावा बोलली?"

"हो. पहिलाच शब्द."

"कुणाला?"

"आपल्या गावाच्या नावानं हाय. म्हंजे गावाला."

तात्या उठला. देवळात खुंटीला आमचा देवाचा ढोल टांगलेला असतो. तो त्यानं दोन्ही हातांनी उतरवून खाली जमिनीवर ठेवला. त्याचा अर्थ मला माहीत होता. पूर्वी मुंबईला गिरणीत कुणी गेला की गावाच्या नावानं तार यायची. तेव्हापासनं रीत हाय, गावाच्या नावानं मयताची खबर आली की ढोल खाली. त्या घरी गावानं दुखवट्याचं लुगडं पोचवलं की ढोल वर. आणि ढोल वाजल्याशिवाय आमच्यात नवरा बोहल्यावर चढत नाय.

मी बोललो, "तात्या, ती बाई आफ्रिकेत हाय."

"मग? आफ्रिकेत बायका रडत नायत?"

"तसं नाय. पण आपलं काय नातं?"

"तिनं भाऊ बोलून हाक मारली. आता नाय बोलायला तू कोण? नाडलेली बाई भाऊ बोलली म्हंजे आपण तिचं माहेर झालो. लुगडं जायला पायजे."

मागनं कुणीतरी विचारलं, "आणि तिचा पैसा?"

सगळी गावकी त्याच्याकडं अशी वळली की तो बिचारा शेजारच्याच्या पाठी लपला. तात्या एवढंच बोलला, "बहिणीचं खायचं नसतं." झालं. आफ्रिकेतली इस्टेट आमच्या वाडीनं एका वाक्यात परत केली. तंबाखू मळायला जास्त वेळ लागला असता.

शेठकडं जाऊन मी उत्तर लिहायला लावलं. ताई, दुःख झालं. पैसा तुझ्यापाशीच ठेव, पोरांना होईल. लुगडं पाठवतोय, पत्ता कळव. नऊवारी चालतं का सहावारी, तेही कळव.

शेठनं बटनांवरचे हात काढले. "काका, ऐका माझं. ही बाई नाहीच आहे. हे बघा." त्यानं स्वतःची ई-मेलची पेटी उघडून दाखवली. तेच पत्र. तेच विमान, तोच नवरा. "मलाही भाऊच म्हटलंय. आणि उत्तर देऊ नका. एकदा उत्तर दिलं की ह्यांना कळतं इथं माणूस आहे. मग दुप्पट येतात."

मी धावतपळत वाडीला आलो आणि तात्याला सांगितलं, हे पत्र सगळ्यांना आलंय. मला वाटलं सुटलो.

तात्या बोलला, "मयताची खबर सगळ्यांनाच कळवतात. एकट्याला कळवायला ते काय प्रेमपत्र हाय?"

मी परत महाडला गेलो. ताईला उत्तर गेलं.

बाईचं परत पत्र आलं. पत्ता नाय. बँकेचा नंबर द्या, लवकर द्या, वकील थांबलाय. तात्या बोलला, "पारखून बघते आपल्याला. चांगल्या घरची हाय." आणि शेठ बोलला होता तसंच झालं. एकीनं दुसरीला सांगितलं असावं. पुढच्या बाजाराला आणखी तीन बाया. एकीचा नवरा आगीत गेला, एकीचा सोन्याच्या खाणीत, एकीला स्वतःलाच मोठा आजार. सगळ्या भावा बोलणाऱ्या, आणि दर बाजाराला नव्या. मी कागदांची चळत छातीशी धरून डोंगर चढायचो तेव्हा वाडीची पोरंबाळं ओरडायची, "आज कोण गेला रे?" माझी आय तर मला दारात थांबवून अंगावर पाणी शिंपडून मग आत घ्यायची.

लग्नाची तारीख गेली. दुसरी धरली, तीही गेली. कुटलेली हळद डब्यात ठेवून ठेवून आयनं आमटीला वापरली.

आणि मग सासरा आला. होणारा सासरा. शिवथरातनं चालत आला, घाम पुसला, पाणी प्यायला आणि सरळ देवळात जाऊन गावकीसमोर बसला. बारीक माणूस, पण आवाज खर्जातला.

"माझ्या दारात एक जीपवाला पोरीला मागणी घालतोय," तो तात्याला बोलला. "महाडपर्यंत भाडं मारतो. स्वतःची जीप. मी त्याला थांब बोललो, कारण शब्द तुम्हाला दिलाय. पण आणखी किती थांबू? इथं रोज कोण मरतंय?"

तात्यानं सगळं शांतपणे सांगितलं. सासऱ्यानं ऐकलं. कागदांची चळत मागितली, वजन केल्यासारखी हातात धरली.

"म्हंजे ह्या सगळ्या ह्याच्या बहिणी."

"गावाच्या. म्हंजे ह्याच्या पण."

"मग माझ्या पोरीच्या ह्या कोण?"

तात्या बोलला, "नणंदा."

"किती?"

तात्यानं माझ्याकडं बघितलं. मी बोललो, "हातापायाची बोटं संपली. मग मी मोजायचं सोडलं."

सासऱ्यानं चळत खाली ठेवली. "पाव्हणं, लग्नात नणंदांना साडीचोळीचा मान मुलीकडच्यांनी द्यायचा असतो. तुमच्यात हाय, आमच्यात हाय. माझ्याकडं एक म्हैस आणि एक पोरगी. पोरगी देतो. म्हैस विकून आफ्रिकेला साड्या वाटायच्या, हे बैठकीत ठरलं नव्हतं."

गावकीत कुजबुज सुरू झाली. तात्यानं डोळे मिटले. तात्या डोळे मिटायचा तेव्हा झोपायचा तरी, नाय तर नियम शोधायचा. त्या दिवशी नियम सापडला.

"आवतण धाडायचं," तो बोलला. "सगळ्या बहिणींना. घरच्या लग्नाचं आवतण घेऊन जी येत नाय, कारण पण कळवत नाय, तिनं नातं आपल्या हातानं तोडलं. मग तिचं मयत पण आपलं नाय आणि मान पण नाय. आल्या तर मात्र त्यांचं लुगडं देवळात देऊ आणि मानपान गाव करील."

सासरा बोलला, "एकच वेळ. दुसरी तारीख मी धरणार नाय."

मी शेठकडं गेलो. शेठनं कपाळाला हात लावला. "काका, स्पॅमवाल्यांना लग्नाची पत्रिका? अहो, मेलबॉक्स फुटेल."

"शेठ, लग्न माझं हाय. जीपवाला वाट बघतोय. लिहा."

त्यानं लिहिलं. महाडातनं पोलादपूरला एस.टी.नं या. पोलादपूरला उतरून जीप मिळंल. नाय मिळाली तर चालत या, वाटेत कुत्री हायत, हातात काठी ठेवा. जेवण दुपारचं, लग्न गोरज मुहूर्ताला. पाठवताना शेठनं विचारलं, "फक्त बायांना की सगळ्यांना?" मी बोललो सगळ्यांनाच पाठवा, लॉटरीवाल्याला, गोळीवाल्याला पण. घरचं कार्य हाय, भेदभाव कशाला. तात्यानं फक्त बहिणी सांगितल्या होत्या. पण आमच्याकडं जेवायला बोलवायला लागलं की मला थांबता येत नाय.

उत्तरं आली. लॉटरीवाल्यानं कळवलं, तुम्हाला परत लॉटरी लागली. गोळीवाल्यानं लग्नाचं ऐकलं का काय कोण जाणे, गोळ्या स्वस्तात देतो बोलला. विमानवाल्या पहिल्या बाईनं मात्र लिहिलं, प्रिय भावा, मी येते, फक्त प्रवासाचं तू बघ.

हे देवळात वाचलं आणि मला वाटलं मी स्वतःची चिता स्वतः पेटवली. तात्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"येते बोलली. आणि चूक आपली. बहिणीला माहेरी आणायला मुराळी जातो. आपण नुसतं आवतण धाडलं. मुराळी कोण गेला?"

कुणीतरी माझ्याकडं बोट केलं. "हाच जाईल. इंग्लिश येतं."

मी बोललो, "मीच मुराळी गेलो तर बोहल्यावर कोण उभा ऱ्हाईल?"

"जीपवाला," मागनं एक जण बोलला. सगळी गावकी हसली. माझी आय पण हसली, ते मला लागलं.

शेवटी आयच बोलली. ती बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसली होती. "तात्या, माझं लग्न झालं त्या वर्षी माझा भाऊ मला न्यायला नदी उतरला नाय. पूर होता. पलीकडं काठावर उभा ऱ्हायला, पाणी उतरल्यावर मी आपली आपण गेले. मुराळी जमंल तिथंवर जातो. ह्याला शिवेवर उभा करा."

तात्यानं डोळे मिटले, उघडले. "शिवेवर चालंल."

लग्नाच्या दिवशी सकाळी मला हळद लावली आणि हळदीच्या अंगानं, डोक्याला टॉवेल गुंडाळून, हातात पाण्याचा तांब्या घेऊन मी गावाच्या शिवेवर उभा ऱ्हायलो. खालनं घाटातनं कच्चा रस्ता वर येतो, तिथं. ऊन तापायला लागलं. खालच्या वाडीचा एक बाप्या गवताचा भारा घेऊन चालला होता. तो थांबला.

"नवरा ना रे तू? पळून चाललास काय?"

"बहिणीची वाट बघतोय."

"कुठनं येणार?"

"आफ्रिकेतनं."

त्यानं भारा डोक्यावर नीट केला. "उन्हात जास्त उभा ऱ्हाऊ नको," एवढं बोलून गेला.

मी शपथेवर सांगतो, शेठनं एवढं सांगूनसुद्धा तिथं उभं ऱ्हायल्यावर मला खरंच वाटायला लागलं की ती येणार. लांबून यायची म्हंजे दमलेली असंल. आली तर तिला काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो. कँटीनमधलं सगळं इंग्लिश आठवून बघितलं. टी, कॉफी, शुगर कम, असलंच होतं. आणि त्याच वेळी मी देवाला विनवत होतो, की येऊ देऊ नको.

ऊन डोक्यावर आलं आणि खाली धुरळा उठला. जीप होती. वळणावळणानं वर येत होती. मी पुढं धावलो आणि तांब्यातलं पाणी हळदीवर सांडलं. जीप माझ्यासमोर थांबली. मागचं दार उघडलं आणि लुगड्यातली एक म्हातारी उतरली, पाठोपाठ दोन बाया, मग सासरा. मुलीकडचं वऱ्हाड. जीप त्या जीपवाल्याचीच होती. तो स्टेअरिंगवर बसून माझ्याकडं असा बघत होता की भाडं वसूल झालं.

सगळ्यांत शेवटी ती उतरली. माझी होणारी. मुलगी बघायला गेलो त्यानंतर पहिल्यांदाच मी तिला बघत होतो, आणि मी पिवळा, भिजलेला, टॉवेल गुंडाळलेला.

"इथं काय करताय?" तिनं विचारलं.

"नणंद येणार हाय तुमची. मुराळी म्हणून उभा केलाय."

"आल्यात?"

"अजून नाय."

तिनं खालच्या रस्त्याकडं बघितलं. मग बोलली, "आल्या तर पहिल्या पंगतीला घाला जेवायला. शेवटच्या पंगतीला करपलेला भात येतो." आणि वर चालत गेली.

मी तिथंच. वर पंगती बसल्या, त्यांचा आवाज खालपर्यंत यायचा. बहिणींसाठी तात्यानं एक पूर्ण रांग पत्रावळी मांडून ठेवली होती, मीठ वाढून. कुणी त्या रांगेला पाय लावला नाय. शेवटची पंगत उठली तरी रस्त्यावर कुणी दिसेना. तेव्हा तात्या स्वतः शिवेपर्यंत चालत आला, माझ्या बाजूला उभा ऱ्हायला आणि हाताचा आडोसा करून खाली बघितलं. बराच वेळ. मला वाटतं त्यालाही ती यावी असं वाटत होतं.

"नाय आल्या," तो बोलला.

"नाय."

"कारण पण नाय कळवलं."

"नाय तात्या."

"चल मग."

देवळात जाऊन त्यानं ढोल वर घेतला. गोरज मुहूर्ताला आमचं लग्न लागलं. माझ्या पायांना दिवसभर उभं ऱ्हाऊन गोळे आले होते, म्हणून सात पावलं मी लंगडत टाकली. पाव्हण्यांत चर्चा झाली की मुलाचा पाय लपवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात भांड्यांचा डोंगर. पातेली, पराती, मंडळाचे टोप. बायको ओट्यावर उभी ऱ्हाऊन ते बघत होती. मला बघून बोलली.

"चार नणंदा आल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढं घासणार कोण?"

मी आजूबाजूला बघितलं. आय गोठ्यात होती. मी हळदीच्या अंगानं खाली बसलो, राख घेतली आणि पहिला टोप ओढला.